कॉम्प्युटर नेटवर्क्सची प्रॅक्टिकल-ओरल: व्हीएलएसएम, पॅकेट ट्रेसर आणि वायरशार्कमध्ये अडलंय

करवीर_बिट्स

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला. या सेमिस्टरला कॉम्प्युटर नेटवर्क्स आहे. राजारामपुरीत रूमवर ८ जीबीचा विंडोज लॅपटॉप आणि वायफाय आहे. थिअरी वाचली की कळते, हातानं करायला बसलं की अडतं.

१) व्हीएलएसएमचं (एकाच नेटवर्कचे गरजेप्रमाणे लहान-मोठे सबनेट पाडायचं) गणित: १९२.१६८.१०.०/२४ दिलंय, म्हणजे .० ते .२५५ पत्ते. लॅबला १००, लायब्ररीला ५०, ऑफिसला २५ मशीन आणि दोन राउटरमधली एक लिंक. लिंकला .० पासून /३० दिलं आणि लगेच .४ पासून .३५ पर्यंत ऑफिसला /२७. पत्ते पुरतात, तरी उत्तर चूक धरलंय. का?

२) पॅकेट ट्रेसर या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये दोन राउटर, दोन्हीकडे एकेक पीसी. सगळ्या केबल हिरव्या, तरी पलीकडच्या पीसीला पिंग (उत्तर येतंय का तपासणारा संदेश) केलं की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

३) वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून मोठी वेबसाइट उघडली तर थ्री-वे हँडशेक (टीसीपी जोडणी जुळवणारी पहिली तीन पॅकेट) दिसत नाही, डीएनएस क्वेरीही (साइटच्या नावावरून आयपी पत्ता विचारणारी) नाही.

शिवाय ओरलला एक्स्टर्नल नेमकं काय खोदून विचारतात?

सबनेट_मावशी

पहिल्याचं सांगते. /२७ म्हणजे शेवटच्या ऑक्टेटचे (पत्त्यातल्या आठ बिटांच्या आकड्याचे) पहिले ३ बिट नेटवर्कचे, उरलेले ५ होस्टचे. ब्लॉक ३२ चा, आणि तो ३२ च्या पटीतच सुरू होतो: ०, ३२, ६४, ९६. मधूनच ४ पासून सुरू करता येत नाही.

बायनरीत मांडून बघ. .४ म्हणजे ०००००१०० आणि .३५ म्हणजे ००१०००११. पहिले ३ बिट एकाचे ०००, दुसऱ्याचे ००१. तू ज्यांना एकाच ऑफिसात बसवलंस त्या दोन मशीन मास्क (नेटवर्कचे बिट कुठवर ते सांगणारा आकडा) लावून बघतात तेव्हा एकमेकींना परक्या नेटवर्कातल्या समजतात, आणि समोरासमोर असूनही पॅकेट गेटवेकडे (बाहेरची वाट देणाऱ्या राउटरकडे) पाठवतात. वर .४/२७ चं खरं नेटवर्क .० आहे, म्हणजे ते तुझ्या लिंकच्या /३० वर चढतं. सिस्को राउटरच्या दोन इंटरफेसना असे पत्ते देऊन बघ, ओव्हरलॅप होतंय सांगून दुसरा पत्ता नाकारेल.

आता बरोबर मांडणी. मोठ्यापासून घ्यायचं:
लॅब १०० – /२५, .० ते .१२७, मास्कचा शेवट १२८
लायब्ररी ५० – /२६, .१२८ ते .१९१, मास्कचा शेवट १९२
ऑफिस २५ – /२७, .१९२ ते .२२३, मास्कचा शेवट २२४
लिंक – /३०, .२२४ ते .२२७, मास्कचा शेवट २५२
.२२८ ते .२५५ शिल्लक.

'मोठं आधी' हा नियम मुलं पाठ करतात, पण कारण विचारलं की गप्प. मोठ्यापासून गेलं की पुढचा प्रत्येक ब्लॉक आपोआप स्वतःच्या पटीवर येऊन पडतो, एवढंच कारण. लहानापासून सुरुवात करूनही हे गणित सुटतं: लिंक .० ला, ऑफिस .३२ ला, लायब्ररी .६४ ला, लॅब .१२८ ला. फक्त मधे .४ ते .३१ ही जागा रिकामी सोडावी लागते.

ओरलचा हमखास फासा इथंच असतो. "३० मशीनला /२७ पुरेल का?" ३२ वजा २ बरोबर ३०, म्हणून 'हो' म्हणून मोकळं होऊ नकोस. राउटरच्या इंटरफेसलाही त्याच नेटवर्कातला एक पत्ता लागतो. ३१ झाले, म्हणजे /२६ घ्यावं लागतं.

रूटिंग_टेबल

दुसऱ्या प्रश्नाचं. केबल हिरवी म्हणजे दोन्ही टोकांचे पोर्ट चालू, बस्स. आयपी, गेटवे, रूट यांबद्दल तो रंग काहीच सांगत नाही. (राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, 'नो शटडाऊन' दिल्याशिवाय ते लालच राहतात. तुझे हिरवे आहेत, म्हणजे ते काम झालंय.)

पिंग एकदम पलीकडच्या पीसीला करायचं नाही, टप्प्याटप्प्यानं पुढं जायचं. आधी स्वतःचा गेटवे, मग आपल्याच राउटरचं लिंककडचं टोक, मग पलीकडच्या राउटरचं लिंकवरचं टोक, मग त्याचं लॅनकडचं टोक, शेवटी पीसी. जिथं थांबलं तिथं दुखणं.

संदेशाचे शब्द नीट वाच, निम्मं निदान त्यात असतं. तुझ्या राउटरकडे पलीकडचा रूट नसता तर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं असतं, कारण तोच राउटर तुला तसं कळवतो. 'टाइम्ड आउट' म्हणजे बहुधा पॅकेट पोचलंय, पण उत्तराला परतीची वाट नाही. दुसऱ्या राउटरवर उलटा रूट द्यायचा राहिला असणार, किंवा पलीकडच्या पीसीत डिफॉल्ट गेटवे रिकामा असणार.

मावशींची मांडणी धरून, पहिल्या राउटरवर लॅब, दुसऱ्यावर लायब्ररी आणि लिंकची टोकं .२२५ व .२२६ असतील तर कॉन्फिगरेशन मोडमध्ये:

पहिल्यावर – आयपी रूट १९२.१६८.१०.१२८ २५५.२५५.२५५.१९२ १९२.१६८.१०.२२६
दुसऱ्यावर – आयपी रूट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.१२८ १९२.१६८.१०.२२५

शेवटचा पत्ता नेहमी समोरच्या राउटरचा. तिथं स्वतःचाच पत्ता टाकणं ही लॅबमध्ये रोज दिसणारी चूक आहे.

सगळं बरोबर झालं तरी पहिलं एखादं पिंग हुकेल आणि पुढची येतील. घाबरून कॉन्फिगरेशन बदलत बसू नकोस. राउटरला पुढच्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) अजून माहीत नसतो. एआरपीनं तो विचारेपर्यंत पहिलं पॅकेट टाकून दिलं जातं. सिम्युलेशन मोडला जाऊन फिल्टरमध्ये फक्त एआरपी आणि आयसीएमपी (पिंगची पॅकेट) ठेव, पॅकेट कुठं गळतं ते डोळ्यांनी दिसतं. आणि उठण्याआधी रनिंग कॉन्फिग स्टार्टअपमध्ये कॉपी कर. राउटर बंद-चालू केला की न साठवलेलं सगळं जातं.

पॅकेट_पारखी

वायरशार्क बिघडलेलं नाही, तुझा ब्राउझर पुढं गेलाय. मोठ्या वेबसाइट आता सर्रास क्विक या नव्या प्रोटोकॉलवर चालतात, म्हणजे टीसीपी नाहीच, यूडीपीचं ४४३ पोर्ट. २०२१ मध्ये क्विक आरएफसी (इंटरनेटचे प्रमाण-दस्तऐवज) ९००० म्हणून प्रमाणित झालं. यूडीपीत एसवायएन (टीसीपी जोडणी सुरू करणारं पॅकेट) नसतो, मग हँडशेक दिसणार कुठून? डीएनएसचंही तसंच: ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू असेल तर क्वेरी एचटीटीपीएसच्या पोटातून जाते, पोर्ट ५३ वर काही येत नाही. ते सेटिंग बंद कर, विंडोजचा डीएनएस कॅश फ्लश कर (नाहीतर आधीचं उत्तर वापरून क्वेरीच जात नाही), मग बघ.

हँडशेकसाठी सर्व्हर घरीच उभा कर. एक नवा फोल्डर, त्यात एकच छोटी फाइल. त्या फोल्डरमध्ये पायथनचा तयार एचटीटीपी सर्व्हर ८००० पोर्टवर सुरू कर. फोल्डर नवाच हवा, कारण त्यातलं सगळं वायफायवरच्या कुणालाही दिसतं. आयपीकॉन्फिग कमांडनं लॅपटॉपचा पत्ता काढ, वायरशार्क वायफाय इंटरफेसवर लाव, फिल्टर टीसीपी पोर्ट ८०००, आणि मोबाइलच्या ब्राउझरमधून तो पत्ता व पोर्ट उघड. फायरवॉलनं विचारलं तर प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी दे. मोबाइल पोचतच नसेल तर बऱ्याचदा हॉस्टेलच्या वायफायवर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू दिलेलं नसतं. तेव्हा मोबाइलचाच हॉटस्पॉट लावायचा.

एसवायएन पॅकेट उघडून आतलं वाच. एमएसएस (एका पॅकेटमध्ये मावणारा जास्तीत जास्त डेटा) बहुतेक १४६० दिसेल: इथरनेटचे १५०० बाइट वजा आयपी हेडर २०, वजा टीसीपी हेडर २०. विंडो स्केलसुद्धा (विंडोचा आकडा किती पटीनं वाचायचा ते) एसवायएनमध्येच ठरतो. सिक्वेन्स नंबर ० दिसतो तो वायरशार्कनं सोयीसाठी दाखवलेला सापेक्ष आकडा. खरा ३२ बिटांचा असतो. आणि अजून एकही बाइट डेटा गेला नसताना अ‍ॅकनॉलेजमेंट १ कसा? एसवायएन स्वतः एक सिक्वेन्स नंबर खातो म्हणून. हा प्रश्न ओरलला आवडीचा आहे.

आणखी एक. लॅपटॉपवरून जाणारी काही पॅकेट १५०० पेक्षा कितीतरी मोठी दिसतील. नियम मोडलेला नाही. तुकडे पाडायचं काम नेटवर्क कार्डवर सोपवलेलं असतं, आणि वायरशार्क पॅकेट कार्डाच्या आधीच पकडतो.

करवीर_बिट्स

रूटिंग_टेबल दादा, परतीचाच रूट नव्हता, आता पिंग येतंय. ८००० पोर्टचा हँडशेकही दिसला. मावशी, .४ आणि .३५ चे बिट वहीत मांडून पाहिले, आता डोक्यात बसलं. ट्रान्समिशन डिले आणि प्रोपगेशन डिले यांत मात्र अजून गोंधळ होतोय, तेवढं कुणी सांगेल का?

सबनेट_मावशी

कोल्हापूर-मुंबई धर. फायबर ४०० किलोमीटरची मानू. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर, म्हणजे पोचायला २ मिलिसेकंद. हा प्रोपगेशन डिले. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. १० एमबीपीएसच्या लिंकवर ते तारेवर ढकलायला १.२ मिलिसेकंद. हा ट्रान्समिशन डिले. प्लॅन वाढवून १०० एमबीपीएस केलास तर १.२ चे ०.१२ होतील, पण ते २ जसेच्या तसे राहतील, कारण अंतर तेवढंच आहे. जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद हा त्या वाटेवरचा तळ. पिंगमध्ये त्याच्या वर जे दिसतं त्यात राउटरमधल्या रांगा, वायफाय आणि वळसा घेऊन गेलेली केबल यांचा वाटा असतो. गणितात किलोबाइट आणि किलोबिट मिसळू देऊ नकोस, मार्क तिथंच जातात.