मदत हवी आहे: सेक्शन ८ व्हाउचरवाल्या कुटुंबाला घर भाड्याने देणे (न्यू जर्सी)

नवा_मालक

नमस्कार मंडळी.

न्यू जर्सीत १९६२ सालचं टू-फॅमिली घर आहे. आम्ही स्वतः तिथे राहत नाही. वरचा मजला (तीन बेडरूम) रिकामा असून १९५० डॉलर भाड्याची जाहिरात दिली आहे. वीज-गॅस भाडेकरूचा, पाणी आमचं. खालच्या मजल्याची मांडणी तीच, तिथले जुने भाडेकरू १७५० देतात.

एका कुटुंबाने विचारणा केली आहे. त्यांच्याकडे दोन बेडरूमचं सेक्शन ८ व्हाउचर (भाड्याचा काही भाग सरकार भरतं ती योजना) आहे, मूल चार वर्षांचं. माझे प्रश्न:

१. व्हाउचर नको म्हणून नकार देता येतो का?
२. सरकारकडून किती येणार, त्यांच्याकडून किती?
३. किल्ली कधी द्यायची?
४. इन्स्पेक्शनमध्ये काय पकडतात?

आगाऊ धन्यवाद.

---

कलमबहाद्दर

पहिल्याचं उत्तर देतो, बाकीचं हिशोबवाले सांगतील.

नाही. फेडरल कायद्यात व्हाउचर घेण्याची सक्ती नाही, पण न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात भाडं कुठल्या कायदेशीर मार्गाने भरलं जातं यावरून नकार देता येत नाही, आणि त्यात सेक्शन ८ येतं. जाहिरातीत "सेक्शन ८ नको" असं लिहिणंसुद्धा चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून असंच आहे. टेक्सासात उलट, तिथे शहरांनी असा नियम करू नये म्हणून राज्यानेच कायदा केला. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला इथे लावू नका.

निवड मात्र तुमचीच. हाउसिंग अथॉरिटी (व्हाउचर चालवणारी सरकारी संस्था) फक्त कुटुंब व्हाउचरला पात्र आहे का ते बघते, भाडेकरू म्हणून कसं आहे ते नाही. त्यांचा सध्याचा आणि आधीचा पत्ता, त्या घरमालकांची नावं अथॉरिटीकडे असतील तर मागा, त्या द्याव्याच लागतात. आधीच्या मालकाला फोन करा. सध्याचा मालक ब्याद टळावी म्हणून गोड बोलू शकतो, त्याच्या आधीच्याला तसं कारण नसतं.

दोन पथ्यं. चाळणी सगळ्यांना एकच लावा. आणि "पगार भाड्याच्या तिप्पट हवा" अशी अट असेल तर ती पूर्ण भाड्यावर नाही, त्यांच्या हिश्श्यावरच मोजायची. गुन्ह्यांच्या इतिहासाबद्दल सशर्त ऑफर देण्याआधी विचारायचं नाही, हा न्यू जर्सीचा २०२२ पासूनचा नियम व्हाउचर नसलेल्यांनाही लागू आहे.

---

पावशेर

दुसरा प्रश्न. इथेच बहुतेक मालक चुकतात, म्हणून आकडे मांडून दाखवते. तुमच्या अथॉरिटीचे खरे आकडे वेगळे असतील, हे समजण्यापुरते धरले आहेत.

दोन बेडरूमचं पेमेंट स्टँडर्ड (भाडं आणि वीज-गॅस मिळून मदतीसाठी अथॉरिटी धरते ती कमाल रक्कम): १९०० डॉलर
वीज-गॅसचा युटिलिटी अलाउन्स (भाडेकरूच्या बिलांचा अथॉरिटीचा अंदाज): १६० डॉलर
कुटुंबाचं वजावटीनंतरचं मासिक उत्पन्न: १६०० डॉलर
त्याचे ३० टक्के: ४८० डॉलर

तुमचं घर तीन बेडरूमचं असलं तरी व्हाउचर दोनचं आहे. व्हाउचर आणि घर यांत जे लहान, त्याचं स्टँडर्ड धरतात. तिसऱ्या बेडरूमचे पैसे सरकार देत नाही. हे स्टँडर्ड अथॉरिटी साधारणपणे हडच्या (फेडरल गृहनिर्माण खात्याच्या) फेअर मार्केट रेंटच्या, म्हणजे त्या भागातल्या चालू भाड्याच्या अंदाजाच्या, ९० ते ११० टक्क्यांत ठरवते.

मागितलेलं भाडं १९५० + अलाउन्स १६० = २११०. हा आकडा स्टँडर्डच्या वर गेला, म्हणून सरकारचा हिस्सा १९०० – ४८० = १४२०. उरलेले ६९० कुटुंबावर. पण भाडं स्टँडर्डच्या वर असेल तर नवीन घर घेताना कुटुंबाचा एकूण बोजा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. १६०० चे ४० टक्के ६४०. म्हणजे ५० डॉलरने अडलं.

भाडं १९०० केलंत की बसतं: सरकार १४२०, कुटुंब तुम्हाला ४८०, आणि वीज-गॅसचे साधारण १६० ते कंपनीला भरणार.

पुढे त्यांचं उत्पन्न कमी-जास्त झालं की हिस्से बदलतात, बेरीज १९०० च राहते. तसं पत्र तुम्हालाही येतं, ते फाईलला लावा.

आता खरी मेख. ४० टक्क्यांत बसलं तरी भाडं रास्त आहे का हे अथॉरिटी वेगळं तपासते. शिवाय सरकारचा प्रत्येक हप्ता घेताना तुम्ही असं प्रमाणित करत असता की याच इमारतीतल्या व्हाउचर नसलेल्या तशाच घरापेक्षा हे भाडं जास्त नाही. तुमच्या खालच्या मजल्याचं भाडं १७५० आणि मांडणी तीच, म्हणजे प्रश्न विचारला जाणारच. वर नवीन किचन, डिशवॉशर, स्वतंत्र वॉशर-ड्रायर असं काही खालच्यापेक्षा जास्त असेल तर अर्जासोबतच फोटोंसह लिहून द्या. काहीच फरक नसेल तर १७५० धरून चाला.

---

नवा_मालक

@पावशेर, फार उपयोगी, धन्यवाद. वरचं किचन आणि बाथरूम नवीन आहे, लाँड्रीही आतच आहे. खाली यातलं काही नाही. कुटुंब म्हणतंय की लीजवर १९०० लिहा, वरचे ५० आम्ही दर महिन्याला हातात देतो. त्यांचीच तयारी आहे, तर चालेल का?

---

पावशेर

अजिबात नाही. याला साइड पेमेंट म्हणतात. कोण तयार आहे याने काही फरक पडत नाही. अथॉरिटीने मंजूर केलेल्या भाड्यापलीकडे एक डॉलरही भाडं म्हणून घेता येत नाही, "पार्किंग" किंवा "फर्निचर" असं नाव दिलं तरी नाही. पकडलं गेलं तर पैसे परत, करार रद्द, पुढे या योजनेतून बाद, आणि सरकारची फसवणूक म्हणून फेडरल दावा. त्यांचं व्हाउचरही जातं. पुढे कधी तुमचं-त्यांचं बिनसलं की ते ५० डॉलरच पहिले बाहेर येतात.

---

कडीकोयंडा

चौथा प्रश्न. घर चकचकीत आहे का हे इन्स्पेक्टर बघत नाही, धोकादायक आहे का ते बघतो. नव्या किचनवाली घरं फुटकळ गोष्टींवर नापास होतात. वीज, गॅस, पाणी त्या दिवशी चालू हवं. रिकामं घर म्हणून गॅस बंद ठेवला तर शेगडी आणि गीझर तपासता येत नाही, फेरी फुकट.

सगळ्यात आधी स्मोक अलार्म. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक बेडरूमच्या आत आणि बेडरूमबाहेर जवळच. २९ डिसेंबर २०२४ पासून एकतर वायरिंगवर चालणारा किंवा दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचाच चालतो. नऊ व्होल्टची बॅटरी बदलायचे जुने अलार्म काढून टाका. गॅस आहे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड अलार्मही हवा.

सिंकपासून सहा फुटांच्या आतले प्लग जीएफसीआय (शॉक बसू नये म्हणून आपोआप वीज तोडणारे) हवेत, आणि त्यांचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज तुटली पाहिजे. नवीन किचनमध्येही एखादा प्लग राहून गेलेला असतो. गीझरच्या प्रेशर व्हॉल्व्हला खाली येणारी नळी हवी, तिचं तोंड जमिनीपासून दोन ते सहा इंचांवर. चार किंवा जास्त पायऱ्यांना कठडा. खिडक्या उघडून उघड्या राहिल्या पाहिजेत, दोरी तुटून धाडकन खाली येणारी खिडकी नापास. आतूनही किल्ली लागणारं डेडबोल्ट कुलूप काढा, आगीत माणूस अडकतो.

तुमच्या घराचा मोठा विषय रंग. १९७८ च्या आधीचं घर आणि सहा वर्षांखालचं मूल म्हणजे सोललेला रंग दिसला की थांबलं. एका खोलीत २ चौरस फूट, बाहेर २० चौरस फूट, किंवा खिडकीच्या चौकटीसारख्या छोट्या भागाचा १० टक्के, यापेक्षा जास्त रंग सोललेला असेल तर लेड-सेफ (शिशाची धूळ न पसरवणाऱ्या) पद्धतीने काम आणि नंतर क्लिअरन्स (शिशाची धूळ उरली नाही ना, याची) तपासणी लागते. साधा रंगारी बोलावून पॉलिशपेपरने कोरडं घासून घेऊ नका. शिसं असेल तर ती धूळ घरभर होते आणि मग क्लिअरन्समध्ये नापास. रंग सर्वात आधी खिडक्यांच्या खाचेत सोलतो, कारण सरकताना लाकडावर लाकूड घासतं. खिडकी वर करून ती खाच टॉर्चने बघा. न्यू जर्सीत २०२२ पासून भाड्याच्या जुन्या घरांना लेड तपासणी वेगळी लागते, गावाच्या ऑफिसात विचारा. लेडचा डिस्क्लोजर (घरातल्या शिशाची माहिती देणारा) फॉर्म आणि त्याची पुस्तिका लीजच्या आधी द्यायची, सही घ्यायची.

नंतरच्या तपासण्या वर्षा-दोन वर्षांनी. जीवघेणा दोष २४ तासांत, बाकीचे ३० दिवसांत दुरुस्त करायचे. नाही केले तर सरकारचा हिस्सा थांबतो, थांबलेल्या काळाचा नंतर मिळत नाही, आणि भाडेकरूकडे मागताही येत नाही.

---

कलमबहाद्दर

तिसरा राहिला. क्रम असा:

कुटुंब तुम्हाला आरएफटीए फॉर्म (हे घर मंजूर करा असा अथॉरिटीकडचा अर्ज) देतं. तुमचा भाग भरून तो आणि लीजचा सही न केलेला मसुदा अथॉरिटीकडे. सोबत डब्ल्यू-९ (टॅक्स क्रमांकाचा फॉर्म), मालकीचा पुरावा, बँक तपशील. घर एलएलसीच्या (तुमच्या कंपनीच्या) नावावर असेल तर डीड (मालकीचा दस्त), डब्ल्यू-९ आणि करार तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर तेच हवं. इथल्या एका स्वल्पविरामासाठी हप्ता अडकतो. मग भाड्याची मंजुरी, इन्स्पेक्शन, त्यानंतर लीज आणि हॅप करार (सरकारी हिश्श्याचा, अथॉरिटी आणि तुमच्यातला).

किल्ली पास झाल्याच्या लेखी निरोपानंतरच, आणि लीजची सुरुवातही त्यानंतरचीच. आधी राहायला घेतलंत तर तेवढ्या दिवसांचा सरकारी हिस्सा येत नाही. हॅप करार लीज सुरू झाल्यापासून ६० दिवसांत सही झाला नाही तर तो रद्दबातल. पहिला हप्ता महिना-दोन महिने उशिरा येऊ शकतो, मागचा धरून येतो. मॉर्गेजचे दोन हप्ते हाताशी ठेवा.

डिपॉझिट भाडेकरूने द्यायचं, न्यू जर्सीत जास्तीत जास्त दीड महिन्याचं, पूर्ण १९०० वर मोजून. म्हणजे २८५० पर्यंत. ते व्याजाच्या वेगळ्या खात्यात, आणि ३० दिवसांत लेखी कळवायचं. घराच्या नुकसानीची भरपाई अथॉरिटी देत नाही, म्हणून किल्ली देताना खोलीनिहाय फोटो आणि सही घ्या.

---

नवा_मालक

शेवटचा प्रश्न. भाडं थकलं तर?

---

कलमबहाद्दर

त्यांचे ४८० थकले तर कारवाई करता येते, नोटिशीची प्रत अथॉरिटीला द्यायची. सरकारचा हिस्सा उशिरा आला म्हणून त्यांना नोटीस देता येत नाही, तो त्यांचा कसूर नव्हे. व्हाउचरच्या घरांना २०२० च्या केअर्स कायद्यातली (कोविडकाळातला फेडरल कायदा) ३० दिवसांची नोटीसही बघावी लागते, तेव्हा दावा लावण्याआधी वकिलाकडून ती तारीख तपासून घ्या. आणि वर्षाची लीज संपली म्हणून इथे बाहेर काढता येत नाही, तुम्ही स्वतः राहत नसल्यामुळे कायद्यातलं कारण लागेलच. भाडं पहिल्या वर्षात वाढत नाही. पुढे वाढवायचं असेल तर किमान ६० दिवस आधी अथॉरिटीला लेखी, आणि तेव्हाही खालच्या मजल्याचं भाडं विचारतील.