मदत हवी आहे: मुलाची पायलोप्लास्टी, दुर्बिणीतून की ओपन?

नमस्कार, माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. पोटात असतानाच सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज दिसली होती, बऱ्याच बाळांची आपोआप उतरते म्हणून अधूनमधून सोनोग्राफी करत वाट बघितली, पण सूज वाढतच गेली आणि आता रीनल स्कॅनमध्ये त्या किडनीचं काम ४६ टक्क्यांवरून ३४ वर आलंय. पीयूजे ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, किडनीतून लघवी जिथे खाली नळीत उतरते तिथेच अरुंद आहे. तो अरुंद भाग दुरुस्त करायचं ऑपरेशन, म्हणजे पायलोप्लास्टी, करायचंच आहे, त्यात शंका नाही.

पण एक सर्जन म्हणतात दुर्बिणीतून करू, ३ ते ५ मिलिमीटरची तीन भोकं, दुखणं कमी. दुसऱ्या मॅडम म्हणतात एवढ्या लहान मुलात ओपनचा छेदही छोटाच असतो आणि वेळ कमी लागतो. दोघांचंही ऐकताना पटतं आणि घरी आलं की परत गोंधळ. पोटात गॅस भरतात त्याने श्वासाला त्रास होतो का? ऑपरेशननंतर आत ठेवतात ती बारीक नळी, म्हणजे स्टेंट, काढायला पुन्हा भूल देतात म्हणे? स्कॅनच्या वेळी नुसती सुई लावताना त्याने जो आकांत केला तो अजून कानात आहे हो. ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांनी प्लीज सांगा.

---

ताई, माझ्या मुलीचं दुर्बिणीतून झालंय, आता छान आहे. आतलं काम दोन्हीकडे तेच, अरुंद तुकडा काढून नळी परत किडनीला जोडायची, आणि यशही दोन्हीत ९० टक्क्यांच्या वर. खरी कसोटी त्या बारीक टाक्यांची, म्हणून एवढ्या लहान मुलांच्या दुर्बिणीतून किती केल्यात आणि त्यातल्या किती मध्येच ओपन कराव्या लागल्या हे बिनधास्त विचारा, चांगले डॉक्टर रागावत नाहीत. गॅस कार्बन डायऑक्साइड असतो, लहानग्यांत प्रेशर कमी ठेवतात, फक्त भूलतज्ज्ञ लहान मुलांना नेहमी भूल देणारे आहेत ना ते बघा. आतला डीजे स्टेंट साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढतात, त्याला थोडा वेळ भूल लागतेच, पण काही सर्जन बाहेर टोक ठेवलेला स्टेंट घालतात, तो ओपीडीत निघतो, तुमच्या बाळाला चालेल का विचारून बघा. स्टेंट असताना लघवी जराशी लालसर दिसते, त्याने घाबरू नका. ताप आला मात्र तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच फोन करा.