टॅलाडेगा 1969 : चालकांचा बहिष्कार योग्य होता की अयोग्य?

वळणवाट :
14 सप्टेंबर 1969 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टॅलाडेगाच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवर पहिली 500 मैलांची मोटारशर्यत झाली. परंतु रिचर्ड पेटी, बॉबी ॲलिसन हे नामवंत चालक आणि त्यांच्यासह तीसहून अधिक चालक आदल्याच दिवशी गाड्या ट्रकवर चढवून निघून गेले होते. ट्रॅकची एक फेरी 2.66 मैलांची आणि वळणांवर रस्त्याचा आडवा कल 33 अंशांचा. शर्यतीआधी चार्ली ग्लॉट्झबॅक या चालकाने ताशी 199 मैलांचा वेग गाठला खरा, पण त्या वेगाला टायर टिकेनात. काही फेऱ्यांतच त्यांच्या चिंध्या होऊ लागल्या. टायर पुरवणाऱ्या कंपन्यांपैकी फायरस्टोनने माघार घेतली, गुडइयरने नवे टायर मागवले, तरीही चालकांचे समाधान झाले नाही. ट्रॅकचे आणि या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार संस्थेचेही सर्वेसर्वा असलेले बिल फ्रान्स शर्यत पुढे ढकलायला तयार नव्हते. अशा वेळी निघून जाण्याखेरीज चालकांच्या हाती काय उरले होते? माझ्या मते त्यांचे काहीच चुकले नाही.

जुना_खेळिया :
आपण प्रकरणाची अर्धीच बाजू मांडलीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेटींच्या अध्यक्षतेखाली चालकांची संघटना स्थापन झाली होती, आणि विमा, निवृत्तिवेतन, ट्रॅकवरील सोयी या मागण्या तिच्या अजेंड्यावर आधीपासूनच होत्या. टायरचा प्रश्न खोटा नव्हता, हे मान्य. मात्र ताकद आजमावण्यासाठी तो आयताच हाती आला, हेही मान्य करावे लागेल. शिवाय शर्यत झालीच, आणि मोठा अपघात न होता झाली. शर्यतीत पहिल्या स्थानावरून सुरुवात करणारा बॉबी आयझॅक थांबला, धावला आणि चौथा आला. तो काय जिवावर उदार झाला होता?

वळणवाट :
अपघात झाला नाही, कारण होऊ नये म्हणून शर्यतीचेच रूप बदलले गेले. आदल्या दिवशीच्या शर्यतीतील लहान गाड्या आणून रिकाम्या जागा भरल्या, अधूनमधून पिवळा झेंडा दाखवून, म्हणजे गाड्यांना वेग कमी करायला लावून, टायर तपासायला व बदलायला वेळ दिला, आणि सरासरी वेग ताशी सुमारे 154 मैलांवर राहिला. चालकांना धोका दिसत होता तो 199 मैलांचा. ट्रॅक सुरक्षित असल्याचे दाखवायला फ्रान्स स्वतः वयाच्या 59व्या वर्षी फोर्डमध्ये बसले आणि त्यांनी ताशी 175 मैलांच्या आसपास वेग गाठला, याचे कौतुक जरूर करावे. पण तो पुरावा नव्हे. त्या वेगाला टायर फाटतात, अशी तक्रार कोणी केलीच नव्हती.

धूळपाटी :
दोघांच्याही वादात रिचर्ड ब्रिकहाऊस राहूनच गेला. तो संघटनेचा सभासद होता. ग्लॉट्झबॅकने सोडलेली 99 क्रमांकाची डॉज डेटोना, म्हणजे लांब नाकाची आणि पाठीवर उंच पंख असलेली गाडी, त्याला मिळाली. संघटनेचा राजीनामा त्याने ध्वनिक्षेपकावरून जाहीर केला आणि शर्यत जिंकली. नॅस्कारच्या या शर्यतमालिकेतला तो त्याचा एकमेव विजय. नवख्या चालकापुढे अशी गाडी आयुष्यात कितीदा येते? पेटींना नकार परवडत होता, ब्रिकहाऊसला नव्हता. त्याला फितूर म्हणणे मला जमणार नाही.

जुना_खेळिया :
हा मुद्दा पटला, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. आपल्याला परवडणारा नकार सर्वांनीच द्यावा, असा आग्रह बड्या चालकांनी धरला. दुसरीकडे फ्रान्सनी प्रेक्षकांना वाऱ्यावर सोडले नाही. त्याच तिकिटावर पुढची एक शर्यत पाहण्याची सवलत दिली.

वळणवाट :
आग्रहाचीच गोष्ट निघाली आहे, तर फ्रान्स यांचाही आग्रह पाहा. 1961 मध्ये संघटना बांधू पाहणाऱ्या कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक या चालकांवर त्यांनी आजन्म बंदी घातली होती; टर्नरला परत घेतले ते 1965 मध्ये. टॅलाडेगानंतर तर एकदा नाव नोंदवले की शर्यतीत उतरण्याची हमी प्रवेशअर्जातच लिहून घेतली जाऊ लागली, आणि चालकांची संघटना काही वर्षांतच विरून गेली. ट्रॅकचा मालक, नियम करणारा आणि शिक्षा देणारा एकच असेल, तर चालकाने दाद मागायची कुठे? आदल्या दिवशी गाडी ट्रकवर चढवणे ही त्यांच्या हातातली एकमेव गोष्ट होती आणि ती त्यांनी केली. पुढे 1987 मध्ये याच ट्रॅकवर बॉबी ॲलिसनचा टायर फाटून गाडी प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षीपासून इंजिनांना वेग रोखणाऱ्या चकत्या बसवण्यात आल्या.

जुना_खेळिया :
1987 मध्ये ॲलिसनचे इंजिन फुटले आणि त्याचाच तुकडा लागून टायर फाटला. 1969 च्या टायरांशी त्याचा संबंध जोडू नका. बाकी, मालक आणि न्यायाधीश एकच असू नये, यावर मी वाद घालणार नाही.