कोस्टा रिका: दूध ठीक, पण मांसासाठी गुरं कशाला?

घाटमाथा: महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा भरेल एवढा हा देश. १९५० नंतर तीसेक वर्षं गुरांसाठी स्वस्त कर्जं वाटली, जंगलाची कुरणं झाली आणि मांस गेलं अमेरिकेच्या हॅम्बर्गरमध्ये. दुधाचं समजू शकतो. १९४७ साली शेतकऱ्यांनी काढलेली 'दोस पिनोस' ही सहकारी संस्था आज शेजारच्या देशांतही माल विकते. मग मांसाची गुरं बंद का करू नयेत?

कृष्णाकाठ: दूध आणि मांस म्हणजे काय दोन वेगळे नळ आहेत? थंड डोंगरावर जर्सी, होल्स्टिन चालतात. खाली ग्वानाकास्ते या वायव्येकडच्या कोरड्या प्रांतात डिसेंबर ते एप्रिल पावसाचा थेंब नाही, गवताच्या काड्या होतात. तिथं वशिंडाचंच जनावर तगतं. वासरू तोंडाला लावल्याशिवाय ती गाय पान्हा सोडत नाही. सकाळी एकदा धार काढायची, मग वासरू दिवसभर आईमागे. मोठं झालं की तेच मांसाला जातं. तो पैसा काढून घेतला तर छोट्या शेतकऱ्याने नुसत्या दुधावर घर कसं चालवायचं?

कृष्णाकाठ (अवांतर): ही वशिंडाची जात 'ब्राह्मन', भारतीय गुरांपासून अमेरिकेत तयार केलेली. गीर, ओंगोल, कांकरेजबरोबर तिच्यात आमच्या कृष्णाकाठच्या गुरांचंही रक्त आहे. नावावरून कृपया वेगळा धागा काढू नका.

रानवाट: जंगल परत आलंय की. १९९६ च्या कायद्याने जंगल तोडून शेती-कुरण करायला बंदी आली, राखणाऱ्याला इंधनावरच्या करातून मोबदला मिळतो. आज निम्म्याहून जास्त देश झाडाखाली आहे. सगळं श्रेय कायद्याला नको, ८० च्या दशकात मांसाचे भावही पडले होते. कुरणाला कुंपणसुद्धा जिवंत असतं: गिरिपुष्पाच्या फांद्या रोवायच्या, त्या फुटल्या की तार त्यांनाच ठोकायची, पाला गुरांपुढे.

घाटमाथा: कुंपणाला जंगल म्हणायचं तर माझ्या परसातली मेंदी अभयारण्यच!

रानवाट: बरं, तिथलं डोंगरावरचं मॉन्तेवेर्दे गाव घ्या. १९५१ मध्ये अमेरिकेतून आलेले क्वेकर (युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ) तिथं गाई पाळून, चीज विकून जगले. माथ्यावरचं जंगल त्यांनीच पाण्यासाठी राखलं.

घाटमाथा: म्हणजे दूधवालेच ना? माझाच मुद्दा झाला.

कृष्णाकाठ: आणि त्यांच्या गाईंना झालेले गोऱ्हे कुठं गेले म्हणता?