हाताने घडवलेला ब्रोच घ्यायचा आहे, पारखायचा कसा?

इसारकाठची:
नमस्कार मंडळी. मी म्युनिकला राहते. इथल्या हस्तव्यवसाय मेळ्यात १९५९ पासून 'श्मुक' हे दागिन्यांचं प्रदर्शन भरतं. त्या आठवड्यात शहरातल्या गॅलऱ्यांमध्येही जगभरचे कलाकार आपलं काम मांडतात. यंदा एका तरुण मुलीने केलेला ब्रोच मनात भरला. काळी केलेली चांदी, तिच्यावर करड्या-निळ्या मिन्याचा तिरका पट्टा. किंमत साडेपाचशे युरो, चांदी जेमतेम दोन तोळे.

आईला फोनवर दाखवला तर तिचा पहिला प्रश्न, "मोडीत किती येतील?" तिचं चुकत नाही. आमच्या घरी दागिना म्हणजे अडीअडचणीची ठेव. पण मला तो फार आवडलाय, बाजूला ठेवायलाही सांगितलाय. तो खरंच चांगला आहे की नुसता वेगळा, हे कसं ओळखायचं? इथे कुणी घडवणारं असेल तर सांगा.

ऐरण:
ताई, आधी तो ब्रोच पालथा करून पाहा.

मी कोल्हापूरच्या गुजरीत एका सोनारकाकांच्या हाताखाली शिकले, आता पुण्यात चांदीत स्वतःचं काम करते. कुणी कुठलाही दागिना हातात दिला की काका तो आधी उलटा करायचे. दर्शनी बाजू घासूनपुसून कशीही चमकवता येते. पाठीवर मात्र कळतं की डाख, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेला धातू, सांध्यापुरताच वाहिलाय की भोवती पसरलाय, कडा नखाला लागते का, कानशीचे ओरखडे मुद्दाम ठेवलेत की राहून गेलेत. मुद्दाम ठेवले असतील तर त्यांना दिशा असते.

मिन्याचं तर नक्की बघा. मिना म्हणजे काचेची पूड, ती आठशे अंशांच्या आसपास धातूवर वितळवतात. थंड होताना धातू आणि काच सारखी आकसत नाहीत. पातळ पत्र्याला एकाच बाजूने मिना दिला तर पत्रा वाकतो, काच तडकते. म्हणून मागूनही एक थर देतात, जो घालणाऱ्याशिवाय कुणाला दिसत नाही. पत्रा जाड असेल, किंवा खळगा कोरून त्यात मिना भरला असेल, तर मागचा थर नसला तरी चालतं. काय केलंय आणि का, हे त्या मुलीलाच विचारा. मन लावून काम करणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारलेला फार आवडतो.

मग पिन. ती ब्रोचच्या मध्याच्या वर हवी, नाहीतर ब्रोच पुढे झुकतो. पिन पोलादी असेल तर ती काटकसर समजू नका, चांदी मऊ असते, पिनेला ताठपणा लागतो. जाड लोकरीवर लावून पाहा आणि ओढणीवरही. काही कलाकार म्हणतात, दागिना घालता आला नाही तरी चालेल. मला ते पटत नाही. अंगावर चढल्याशिवाय दागिना पुरा होत नाही.

आता वजन. कोल्हापुरी साजाची पानं पातळ पत्र्याची असतात, आत लाख भरलेली. सोनं कमी, हातकाम अफाट. तरीही घासाघीस आपण करतो ती घडणावळीतच. सोन्याचा भाव मुकाट्याने देतो आणि माणसाचा भाव पाडून मागतो, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही बघताय त्या दागिन्यात जवळजवळ सगळी किंमत घडणावळीची आहे, आणि घडणावळीत विचारही आला.

तुमच्या आईंच्या प्रश्नावर एका स्विस कलाकाराने एक बांगडीच केली आहे. ओटो क्युन्झ्ली त्यांचं नाव, पुढे तुमच्याच शहरातल्या कला अकादमीत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. १९८० साली त्यांनी काळ्या रबराच्या नळीची बांगडी केली आणि आत सोन्याची गोळी दडवली. बाहेरून दिसतो तो फक्त एक फुगवटा. नाव दिलं 'सोनं आंधळं करतं'. मोडीचा भाव काढायचा तर बांगडी कापावी लागेल, आणि कापली की ते काम संपलं. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी तर मुख्यतः पितळेच्या तारा ठोकून, डाख जवळजवळ टाळून, वेटोळी आणि रिव्हेट यांच्यावरच अठराशेच्या आसपास दागिने केले. मोडीत त्या पितळेचं काय येणार?

चांगला की नुसता वेगळा, यासाठी मी एक करते. त्याच हाताची आणखी चार-पाच कामं मागून घेते. ती मुलगी कुठल्यातरी एका गोष्टीच्या मागे लागलेली दिसते का? काळ्या चांदीचं आणि मिन्याचं तिचं काही चाललंय का, की दर वेळी नवी चूष? मागे लागलेली दिसली तर बेलाशक घ्या.

रौप्यनगरी:
मी हुपरीचा. आमच्याकडे एक पैंजण बऱ्याच घरांतून फिरतं. कुणी तार ओढतं, कुणी कड्या झाळून जोडतं, कुणी घुंगरू लावतं, कुणी पॉलिश करतं. शेवटी त्यावर कुणाचंच नाव नसतं. माझ्या आईची झाळ मी कुठल्याही पैंजणात ओळखतो, पण दुकानात ती फक्त ग्रॅमवर विकली जाते. म्युनिकमधल्या त्या मुलीला तिच्या नावाने पैसे मिळतायत याचा मला आनंदच आहे. एवढंच सांगणं, गावी याल तेव्हा आमच्या पैंजणांच्या सांध्यांकडेही असंच डोळा लावून पाहा.

ऐरण:
दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. झाळकाम करताना नजर हलली तर बारीक कडीच वितळून जाते, हे मी रोज अनुभवते. असा हात असेल तर पैंजणांवर त्यांचा स्वतःचा छोटा छाप मारायला सुरुवात करा. काम ग्रॅममध्ये मोजलं गेलं तरी ते कुणाचं आहे हे तरी राहील.

जमवणारा:
व्यवहाराचं सांगतो. बऱ्याच गॅलऱ्या विक्रीतला निम्म्याच्या आसपास वाटा घेतात, म्हणजे साडेपाचशे युरो पूर्ण कलाकाराच्या हाती जात नाहीत. म्हणून गॅलरीत ठरलेल्या किमतीत मी घासाघीस करत नाही. पावतीवर कलाकाराचं नाव, वर्ष आणि धातू लिहून घ्या. दागिन्यावर ९२५ चा छाप असेल तर त्यात ९२.५ टक्के चांदी.

इसारकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन पालथा करून पाहिला. मागे मिन्याचा थर आहे, फिकट पांढरा. पिन पोलादी आणि मध्याच्या वर. घेतला! आता एकच प्रश्न, हा काळा रंग टिकेल ना? साफ कसा करू?

ऐरण:
अभिनंदन! तो काळा रंग बहुधा गंधकाच्या संयुगाने आणलेला असेल, म्हणजे तो चांदीच्या वरवरचा पातळ थर आहे. उंचवट्यांवर, बोटं लागतील तिथे, तो हळूहळू उजळेल आणि खाचांत टिकेल. चांदी उजळवायच्या द्रावणात चुकूनही बुडवू नका, काळा रंग क्षणात निघून जाईल. टूथपेस्ट नको, चिंच नको, गरम पाण्यातून थेट गार पाण्यात घालणंही नको, मिन्याला तडा जाईल. वापरून झाला की मऊ सुती कापडाने पुसा आणि झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा. कधी फारच उजळला तर तिच्याकडेच घेऊन जा, पुन्हा काळा करून देईल.