घरदार विकल्याशिवाय शिष्य होता येत नाही का?

बायबलमध्ये मार्क 10:21 इथे येशू एका श्रीमंत माणसाला सांगतो, सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. मग येशूचा शिष्य व्हायचं तर सगळ्यांनीच सगळं विकायचं का? तसा सरसकट नियम नाही. जक्कय नावाचा जकातदार निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, फसवून घेतलेलं चौपट परत करतो (लूक 19:8), आणि येशू त्याला उरलेलं विकायला सांगत नाही. हनन्या जमीन विकून काही पैसे गुपचूप मागे ठेवतो आणि सगळे दिल्याचं भासवतो (प्रेषितांची कृत्ये 5); त्यालाही येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, जमीन तुझीच होती, विकल्यावरचे पैसेही तुझ्याच हातात होते. गुन्हा लबाडीचा होता, पैसे राखल्याचा नव्हे.

रोजच्या व्यवहारासाठी 1 करिंथ 16:2 (करिंथच्या मंडळीला पौलाचं पहिलं पत्र) बघा: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवायचं. आपण नेमकं उलटं करतो. हप्ते, किराणा, फी भागवून महिनाअखेरीस उरेल ते देवाला, आणि उरत काहीच नाही! पगार जमा झाला की आधी वेगळं काढा. रक्कम लहान असली तरी चालेल.

कर्ज काढून मात्र दान देऊ नका. 2 करिंथ 8:12 प्रमाणे जे आहे त्यातूनच द्यायचं, नाही त्यातून नव्हे. आईवडिलांच्या औषधपाण्याचे पैसे दानपेटीत टाकणं तर त्याहून वाईट; मार्क 7 मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांना, त्यावरूनच झापतो. आणि ‘शंभर द्या, हजार मिळतील’ असं कुणी सांगत असेल तर तो भिशी चालवतोय.