कॉर्पोरेशन सोल, निगम, गादी : पॅरिश ‘वेगळी’ होते म्हणजे नेमके काय होते?

केतकी
अमेरिकेतल्या एका कॅथलिक धर्मप्रांताच्या फेररचनेची माहितीपत्रिका मराठीत आणायची आहे. वाचक मुंबई-वसईचे. मजकूर थोडक्यात असा : आजवर धर्मप्रांताची सगळी मिळकत ‘कॉर्पोरेशन सोल’ (बिशपचे पद हीच कायद्याने व्यक्ती) नावाच्या एकाच कायदेशीर व्यक्तीच्या नावावर होती. आता प्रत्येक पॅरिश (एका चर्चचे धर्मगुरू आणि श्रद्धावंत यांचा समूह), शाळा, दफनभूमी आणि ठेव-कर्ज निधी (पॅरिशच्या ठेवी घेऊन पॅरिशनाच कर्ज देणारा) यांचे स्वतंत्र कॉर्पोरेशन होणार.

‘महामंडळ’ लिहिले की एसटी डोळ्यांपुढे येते. ‘कॉर्पोरेशन’ तसेच ठेवले तर मुंबईच्या माणसाला त्याचा एकच अर्थ माहीत, महापालिका. शीर्षक ‘धर्मप्रांताचे विभाजन’ असे केले होते. कच्चा खर्डा वाचणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘म्हणजे वसईसारखा नवा धर्मप्रांत होतोय का?’ शब्द सुचवा. पत्रिका शुक्रवारी छपाईला जाते.

दस्तनोंदणी
‘विभाजन’ आधी काढा, बाकीचे नंतर बघू. विभाजन ही कॅनन १२२ मधली गोष्ट, कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याचे कलम. एका सार्वजनिक धर्मसंस्थेचा भाग तोडून दुसरी उभी करायची आणि मग मालमत्ता, कर्जे, हक्क यांची वाटणी करायची. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत निघाला, ते विभाजन.

तुमच्या पत्रिकेत तसे काहीच घडत नाही. बिशप तोच, हद्द तीच, धर्मगुरूंच्या नेमणुकाही तोच करणार. चर्चच्या कायद्यात पॅरिश आधीपासूनच स्वतंत्र व्यक्ती आहे. रीतसर स्थापना झाली की कॅनन ५१५ नुसार ते व्यक्तित्व तिला आपोआप मिळते, जसे कॅनन ३७३ नुसार धर्मप्रांताला. कॅनन १२५६ म्हणतो, ज्या संस्थेने मालमत्ता रीतसर मिळवली, मालकी तिची. म्हणजे चर्चच्या लेखी पॅरिशची जमीन बिशपची कधीच नव्हती. दिवाणी दप्तरात मात्र नाव एकट्या बिशपच्या पदाचे. आता दिवाणी कागद चर्चच्या कायद्याशी जुळवून घेतले जात आहेत. म्हणून मी लिहीन ‘पॅरिशची स्वतंत्र कायदेशीर नोंदणी’. क्रियापद ‘नोंदणे’, ‘विभागणे’ नव्हे.

माहीमकर
कॉर्पोरेशन सोलला मराठीत शब्द आहे : गादी. मठाची गादी म्हणतो तीच. महाराज बदलतात, गादी राहते. मिळकत गादीची, बसणाऱ्याची नव्हे, आणि त्याच्या वारसांना त्यातले काही मिळत नाही. कॉर्पोरेशन सोलची व्याख्या यापेक्षा वेगळी काय आहे? शिवाय इंग्रजीत बिशपच्या पदाला ‘सी’ म्हणतात, ते लॅटिन ‘सेदेस’ म्हणजे बैठक. ‘कॅथीड्रल’मधला ‘कॅथेड्रा’ म्हणजे खुर्ची. दोन्हीकडे मूळ कल्पना आसनाचीच आहे.

भाषाव्रती
कल्पना जुळते, कायदा जुळत नाही. गादी शिष्यपरंपरेने चालते आणि आधीचा महंत पुढचा नेमतो. बिशपची नेमणूक रोमहून होते. पारिभाषिक शब्द हवा असेल तर ‘एकल निगम’ घ्या. राज्याच्या अधिनियमांच्या मराठी पाठात ‘निगम निकाय’ हा शब्द रुळलेला आहे, विद्यापीठांच्या कायद्यात तो सरळ सापडतो. बॉडी कॉर्पोरेट म्हणजे निगम निकाय, तर कॉर्पोरेशन सोल म्हणजे एकल निगम. निकाय म्हणजे देह, ‘कॉर्पस’ म्हणजेही देह. इतका नेमका प्रतिशब्द हातात असताना इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिणे हा आळस आहे.

माहीमकर
आळस नव्हे. ‘एकल निगम’ वाचून वांद्र्याच्या किंवा नंदाखालच्या किती वाचकांना बोध होईल? कायद्याच्या पुस्तकात शोभतो म्हणून शब्द पत्रिकेत शोभतोच असे नाही.

दस्तनोंदणी
हा प्रकार भारतीय कायद्याला परका नाही, हे सांगायला हवे. १९१३ च्या अधिनियमानुसार नेमलेला ऑफिशियल ट्रस्टी हा कॉर्पोरेशन सोलच आहे. अधिकारी बदलला तरी प्रत्येक मिळकतीचे दस्त नव्याने करावे लागत नाहीत, एवढ्यासाठीच ही सोय. अमेरिकेतल्या बिशपांनाही ती त्याच कारणाने सोयीची वाटली. त्याआधी काही ठिकाणी जमिनी बिशपच्या वैयक्तिक नावावर असत आणि तो वारला की नातेवाईक दावा लावू शकत.

रोमच्या काँग्रिगेशनने (पोपच्या कारभारातल्या एका खात्याने) १९११ मध्ये अमेरिकी बिशपांना कळवले की वैयक्तिक मालकी बंद करा, पॅरिशवार कॉर्पोरेशन ही पसंतीची पद्धत, आणि जिथे राज्याचा कायदा ती होऊ देत नाही तिथेच कॉर्पोरेशन सोल, तेही अटींसह. न्यूयॉर्कमध्ये १८६३ च्या कायद्यापासून पॅरिशची पाच विश्वस्तांची रचना आहे : बिशप, व्हिकर जनरल (बिशपचा कारभारातला प्रतिनिधी), पॅरिशचा धर्मगुरू आणि दोन सामान्य श्रद्धावंत. तेव्हा ‘नवी रचना’ असेही लिहू नका.

वसईकर
‘पॅरिश’ कशाला? वसईत ‘धर्मग्राम’ लिहितात, बोलतात. ‘डायसिस’ला धर्मप्रांत चालतो, मग पॅरिशला धर्मग्राम का नको?

माहीमकर
कारण मुंबईत पॅरिश म्हणजे गाव नव्हे. माहीमला किंवा अंधेरीला पॅरिशची हद्द रस्त्यांनी आणि रेल्वेरुळांनी ठरते. ‘ग्राम’ म्हटले की गावठाण आठवते.

वसईकर
‘ग्राम’चा जुना अर्थ समूह, वस्ती. संगीतातला ‘ग्राम’ही स्वरांचा समूहच. आणि ‘पॅरिश’चे मूळ ग्रीक ‘पारोइकिया’ हे तर शेजारी किंवा तात्पुरते राहणाऱ्यांची वस्ती याच अर्थाचे आहे. धर्मग्राम त्याला अधिक जवळचा.

केतकी
धर्मग्राम घेते, पहिल्या उल्लेखात पॅरिशही देईन. पण शाळा आणि दफनभूमीच्या कॉर्पोरेशनला काय म्हणू? आणि ‘क्विटक्लेम डीड’ने मिळकती जाणार आहेत असे लिहिलेय. हक्कसोडपत्र बरोबर आहे ना?

दस्तनोंदणी
इथे सावकाश जा, कारण या एका शब्दावर खटले उभे राहिले आहेत.

आधी क्रम बघा. राज्याच्या दप्तरात स्थापनापत्र दाखल होते. उपविधी होतात. त्यांत बिशप एकमेव सभासद, किंवा न्यूयॉर्कसारखे पाच जण. नवा करक्रमांक घेतला जातो. अमेरिकी बिशप परिषदेला १९४६ पासून सामूहिक करमाफीचा आदेश आहे, त्या यादीत नाव घातले जाते. बँक खाती, पगारपत्रक, विमा, कर्जे पॅरिशच्या नावाने होतात. शेवटी जमिनीचे दस्त. शेवटी म्हणायचे ते यासाठी की ज्याच्या नावे दस्त करायचा, ते कॉर्पोरेशन आधी जन्मलेले हवे. घाईत हा क्रम उलटला तर दस्त घेणारा अस्तित्वातच नसतो आणि दस्त पोकळ ठरतो.

आता शब्द. ‘क्विटक्लेम’मध्ये देणारा म्हणतो, माझा जो काही हक्क असेल तो सोडला. हक्क आहेच अशी हमी तो देत नाही. आपले हक्कसोडपत्र सहहिस्सेदारांत होते, भाऊ-बहिणींत, वारसांत. त्रयस्थाला देताना आपण बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करतो. ‘बक्षीसपत्र’ तर इथे चुकूनही लिहू नका. बक्षीस तोच देतो जो मालक आहे. बिशप मालक नव्हता, त्याचे नाव फक्त पॅरिशच्या वतीने होते, हा तर सगळ्या फेररचनेचा पाया. नंतर धर्मप्रांताने नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केला तर धनको म्हणतील की स्वतःची मालमत्ता फुकट देऊन आम्हाला बुडवले. संघराज्याच्या नादारी कायद्यात मागची दोन वर्षे तपासली जातात, राज्यांच्या कायद्यांत बहुधा चार. म्हणून दस्ताच्या प्रस्तावनेत ‘पॅरिशसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली मिळकत’ हे वाक्य असते. मी ‘हक्कसोड दस्त’ लिहीन आणि त्याच वाक्यात ‘विश्वस्त या नात्याने’ घालीन.

भाषाव्रती
मग ‘पुनर्हस्तांतरण’ का नको? विश्वस्त मूळ धन्याला परत करतो, त्याला तोच शब्द.

दस्तनोंदणी
परत करायला आधी त्याच्याकडून घेतलेले असावे लागते. दिवाणी कायद्यात पॅरिश तेव्हा व्यक्तीच नव्हती.

माहीमकर
सोसायटीवाल्यांना ‘अभिहस्तांतरण’ कळते. मुंबईत बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावे करून घेणे म्हणजे काय हे कोणालाही विचारा. इमारतीत राहतो आपण, मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव दुसऱ्याचे. पॅरिशची अवस्था नेमकी तीच होती.

भाषाव्रती
ही तुलना चांगली आहे. केतकीताई, ही पत्रिकेत घ्या.

दस्तनोंदणी
तुलना समजायला ठीक, पण बिल्डर खरोखर मालक असतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या महाधर्मप्रांताने जुलै २००४ मध्ये नादारीचा अर्ज केला, त्यानंतर त्याच वर्षी टूसॉन आणि स्पोकेनने. वाद हाच होता की पॅरिशची चर्चे आणि शाळा धनकोंच्या वाट्याला येतात की नाही. स्पोकेनच्या नादारी न्यायालयाने २००५ मध्ये ही चर्चे आणि शाळा धर्मप्रांताच्या मालमत्तेत धरल्या आणि वरच्या न्यायालयाने २००६ मध्ये तो निकाल फिरवला. चर्चचा कायदा काय म्हणतो हे अमेरिकी न्यायाधीशावर बंधनकारक नाही, तो दस्त बघतो. टूसॉनमध्ये पुढे पॅरिश स्वतंत्रपणे नोंदल्या गेल्या.

आणि वेगळेपण टिकते कशावर? दस्त झाले, पण ठेव-कर्ज निधीत सगळ्या पॅरिशचे पैसे एकाच खात्यात, पॅरिशवार खतावणी नाही, व्याजाचा हिशेब वर्षअखेर अंदाजाने, असे असेल तर धनकोचा वकील तिथूनच सुरुवात करतो. दुसरी चूक राखीव अधिकारांची. उपविधी बदलणे, ठराविक रकमेवरची विक्री किंवा तारण, कर्ज, संस्था बंद करणे हे बिशपकडे राहावे, ते कॅनन १२९२ च्या देखरेखीशी जुळते. पण रोजची बिले, नोकरभरती, छताची दुरुस्ती यांनाही त्याचीच सही लागली तर कॉर्पोरेशन नावापुरते उरते. तिसरी चूक किरकोळ वाटते, पण नडते ती फार : संचालक मंडळाच्या सभाच होत नाहीत, इतिवृत्त नाही.

वसईकर
केतकीताईंच्या वाचकाला मात्र सोपे पडेल ते ‘ट्रस्ट’. ‘प्रत्येक धर्मग्रामाचा स्वतंत्र न्यास’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.

दस्तनोंदणी
नको. आपल्याकडे सार्वजनिक ट्रस्ट ही व्यक्ती नव्हे. मिळकत विश्वस्तांच्या ठायी असते, दावा त्यांच्या नावाने चालतो. तिकडे कॉर्पोरेशन ही स्वतः व्यक्ती. आपल्या कायद्यात देवाची मूर्ती व्यक्ती आहे, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने गुरू ग्रंथ साहिबलाही ते स्थान दिले, पण ट्रस्टला ते नाही. हा फरक पुसला की पत्रिकेतला मुख्य मुद्दाच जातो.

शिवाय असे इथे करायचे तर वाट निराळी. धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या ट्रस्ट अधिनियमाच्या कलम १८ खाली नोंदणी. एका ट्रस्टची जागा दुसऱ्याला द्यायची तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी, दान असले तरीही. मग कलम २२ चा बदल अहवाल, ९० दिवसांत. मग नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर फेरफार. शहरात सी. एस. नंबर, उपनगरात सी. टी. एस. नंबर. जुन्या दस्तातला नंबर आणि आजचा नंबर जुळवणे हेच सगळ्यात वेळखाऊ.

भाषाव्रती
‘न्यास’ की ‘विश्वस्तव्यवस्था’ हेही एकदा ठरवू. १९५० च्या अधिनियमाचे मराठी नाव ‘सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था’ असे आहे. ‘न्यास’ आपण हिंदीतून घेतला.

माहीमकर
हिंदीतून कसा? नि + अस्, खाली ठेवणे, म्हणून ठेव. संस्कृत धर्मशास्त्रात विश्वासाने सोपवलेल्या ठेवीला न्यास म्हणतात. प्रभादेवीला सिद्धिविनायक मंदिर न्यास आहे, शिर्डीला साईबाबा संस्थान विश्वस्तव्यवस्था. दोन्ही सरकारी कायद्यांनी झालेल्या, दोन्ही मराठी.

अक्षयनीवी
शब्द शोधायला इतके लांब का जाता? नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले : २००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मूळ शब्द ‘पायून’, आपला पाऊणच. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. पहिल्या रकमेतून वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण. या कायम ठेवीचे नाव अक्षयनीवी. आपल्या कान्हेरीच्या लेखांतही ती येते. आणि शेवटी लिहिले आहे की हे सगळे निगमसभेत ऐकवले आणि फलकावर नोंदवले. निगमही तिथे आहे, नोंदणीही आहे.

भाषाव्रती
म्हणजे ‘निगम’ या मातीतलाच ठरला.

माहीमकर
तिथला निगम म्हणजे व्यापारी नगर आणि त्याची सभा. मिळकत धारण करणारी कायदेशीर व्यक्ती नव्हे. व्यक्तीसारखी वागते आहे ती श्रेणी. पैसे तिने घेतले, पिढ्या बदलल्या तरी व्याज तिनेच द्यायचे. शब्द घ्यायचाच तर ‘श्रेणी’ घ्या.

अक्षयनीवी
श्रेणी धंद्याची. संघ बघा. देणगी संघाला आहे, वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) जे भिक्षू येतील त्या चारही दिशांच्या संघाला. माणसे बदलतात, घेणारा तोच राहतो. हे तुमच्या गादीपेक्षा पॅरिशला जास्त जवळचे आहे.

वसईकर
गोव्यात पॅरिशला कोकणीत ‘फिर्गज’ म्हणतात आणि तिथल्या प्रमुखाला ‘विगार’. फिर्गज पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून. आणि चर्चची मिळकत, पैसाअडका सांभाळणारी ती ‘फाब्रिक’. शब्द इमारतीच्या बांधकामावरून आला, पण अर्थ झाला चर्चचा निधी आणि तो पाहणारे मंडळ.

दस्तनोंदणी
फाब्रिक इथे महत्त्वाची. बिशपपासून निराळी, पॅरिशपुरती, मिळकतीसाठीच. म्हणजे अमेरिकेत आज जे करतायत, त्याला आपल्या किनाऱ्यावर निदान नाव तरी आधीपासून आहे.

केतकी
पण ‘फाब्रिक’ मुंबईत कोणाला कळेल? आणि दफनभूमीचे अजून राहिलेच. ‘निगम’, ‘संस्था’ की काहीच नाही?

अक्षयनीवी
फाब्रिकेचे लिंग काय? गोव्याकडचे लोक ‘फाब्रीक’ दीर्घ लिहितात का?